ज्याचं त्यानं बोलायचं

चौऱ्याहत्तर साली आमचे सासरे धोंडीराम जॉबर जिवंत होते, पण त्यांना स्वतःला ते मान्य नव्हतं. आपण मेलो आहोत आणि आपल्याला आपल्या एकुलत्या एका मुलानं मारलं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा मुलगा म्हणजे माझा नवरा, मानसिंग. त्यानं सासऱ्यांना विष घातलं नव्हतं की ढकललं नव्हतं. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या सलूनमध्ये जाऊन त्यानं मिशी काढली होती.

आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. बाप धडधाकट असताना कुणी वस्तरा लावत नाही. हे मानसिंगला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सलूनच्या आरशाशेजारी एका सिनेनटाचा फोटो होता, नटाला मिशी नव्हती, आणि आपला चेहरा त्याच घडणीचा आहे असं न्हाव्यानं याला पटवलं. शीळ घालत घरी आला. मामंजी भाकरी खात होते. त्यांनी वर पाहिलं, हातातला तुकडा ताटात ठेवला, हात धुतला आणि मधल्या दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाले, "आमी कवा मेलो, तेवढं इचारा म्हणावं."

चौकटीकडे बघून, कारण चौकटीमागे मी होते. सुनेनं सासऱ्याशी तोंडावर बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेचं तोंड बघायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यांनी चौकटीला सांगायचं, मी चौकटीमागून पदर ओढून दुसऱ्याचं म्हणणं कळवायचं. 'हे म्हणतात', 'सासूबाई म्हणतात' एवढं चालायचं. स्वतःचं काही सुनेला असतं, अशी सोयच त्या रीतीत ठेवलेली नव्हती.

त्या दिवसापासून मामंजी मेले. मेलेला माणूस पोराशी बोलत नसतो, एवढंच त्यांनी मरणातलं पाळलं. जेवण, तंबाखू, पगार आणि रविवारचं मटण हे सगळं जिवंतपणातलं चालू राहिलं. मानसिंगनं मिशी परत वाढवली असती तर महिन्याभरात प्रकरण मिटलं असतं. पण वाढवली तर हरलो, असं त्याच्या डोक्यात बसलं. आधी चार-चार दिवस दाढीला हात न लावणारा माणूस रोज सकाळी गिरणीच्या भोंग्याच्या आधी उठून वरचा ओठ घासू लागला. बापाला जिवंत करण्यापेक्षा त्याला ते सोपं वाटलं असावं.

मग दोघांच्या मधे मी. मामंजी चौकटीला म्हणायचे, "त्या बिनमिशीच्याला सांगा, घरात रॉकेल न्हाय आन् लाज बी न्हाय." मी आत येऊन सांगायची, मामंजी म्हणतात रॉकेल आणा. मानसिंग म्हणायचा, मेलेल्या माणसाला दिवा कशाला लागतो ते विचार. मी बाहेर कळवायची, आणतात म्हणाले. अशी तीन वर्षं मी घर धरून ठेवलं. त्या बदल्यात दोघंही मला म्हणत की तू त्याचीच बाजू घेतेस.

सासूबाई, म्हणजे गोजरबाई, या भानगडीतून आधीच सुटल्या होत्या. गिरणीत जन्म काढून त्यांचे कान गेले होते. निम्मे खरंच गेले होते आणि निम्मे त्यांनी सोयीनं घालवले होते. शेजारच्या खोलीत कुणाचं लग्न ठरलं ते त्यांना भिंतीतून ऐकू यायचं. घरातलं भांडण मात्र येत नसे.

याच सुमारास मला माझं स्वतःचं काही सुचलं, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. मी मोडनिंबची, मॅट्रिक झालेली. आमच्या चाळीच्या टोकाला महिला मंडळाची बालवाडी होती. ती चालवणाऱ्या मुक्ताबाईंनी मला विचारलं, शिकवायला येतेस का? आधीची बाई सोडून चालली होती. महिनाअखेरपर्यंत सांग, म्हणाल्या, नाहीतर दुसरी बघते. मला इतका आनंद झाला की घरी येताना मी पायऱ्या चुकले. गाणी, अक्षरं, शेंबडी पोरं, आणि तिथं कुणाचा निरोप कुणाला द्यायचा नाही. मला ते काम हवं होतं. इतकं दुसरं काही मला त्या घरात कधी हवंसं वाटलं नव्हतं.

मानसिंगला सांगितलं. तो म्हणाला, मला काय, पण घर आबांचं, आबांना विचार. मी म्हटलं, तुम्ही विचारा. तो म्हणाला, मी बोलत नाही त्यांच्याशी, तुला माहीत नाही का? सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ऐकू येत नाही. शेवटी मी धंद्यातली युक्ती केली. चौकटीमागून म्हणाले, हे म्हणतात, वच्छलाला बालवाडीत जाऊ द्या. मामंजींनी तंबाखू मळता मळता उत्तर दिलं, "मेलेल्याची परवानगी कशाला लागती म्हणावं? आन् त्यो म्हणतोय म्हंजी नकोच." मुलाच्या नावानं निरोप दिला तर तो मुलाचा म्हणून पडायचा, आणि माझ्या नावानं द्यायला मला तोंड नव्हतं. घरातल्या सगळ्यांचे निरोप मी नेत होते. माझा न्यायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात गिरणीत गोंधळ झाला. मामंजी विणकामाच्या साळखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, आणि मानसिंग त्यांच्याच हाताखाली मागावर. तिथं या दोघांच्या मधे पीरसाब नावाचा शेजारच्या मागावरचा भला माणूस माझंच काम करायचा. त्याची पाळी बदलून रात्रीची झाली. एक दिवस मानसिंगचा माग बिघडला. कापडाला जाळी पडत होती. मामंजींनी ते लांबून पाहिलं, मागापाशी जाऊन उभे राहिले, आणि एक शब्द बोलले नाहीत. मेलेला माणूस कसा बोलणार? अख्खा तागा वाया गेला. साहेबानं दोघांना बोलावून सांगितलं की महिन्याभरात मिटवा, नाहीतर दोघंही घरी बसा.

गिरणीनं त्याच वर्षी कामगार कल्याण खात्यात अनवरी शेख नावाची एक बाई नेमली होती. सोलापूरचीच, मुंबईला जाऊन समाजकार्य शिकून आलेली. अख्ख्या कुटुंबाला एकत्र बसवून भांडण सोडवायचं, असं काहीतरी ती शिकली होती. साहेबाला ते यंत्राच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त वाटलं. आमची केस तिच्याकडे गेली.

कँटीनच्या वरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मामंजींनी आपली खुर्ची फिरवून मुलाकडे पाठ केली. सासूबाई निवडायला डाळ घेऊन आल्या होत्या. अनवरीबाई तिशीच्या आत-बाहेरच्या, आवाज गोड, पुस्तकी मराठी अगदी धुतल्यासारखं. त्या म्हणाल्या, इथे कोण चूक आणि कोण बरोबर हे ठरवायचं नाही. मामंजी लगेच उठले. मग बोलावलंय कशाला, असं त्यांनी भिंतीला विचारलं. त्यांना परत बसवण्यात बराच वेळ गेला.

मग बाईंनी नियम सांगितला की प्रत्येकानं 'मला वाटतं' म्हणून सुरुवात करायची. मामंजींनी विचार करून सुरुवात केली, "मला वाटतं ह्यो गाढव हाय." बाई म्हणाल्या, हा विचार झाला, भावना सांगा. मामंजी म्हणाले, हीच भावना. मानसिंग म्हणाला, मला वाटतं म्हातारं हट्टी आहे. सासूबाईंनी डाळीतला खडा काढून बाईंच्या टेबलावर ठेवला. तरी बाईंनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, छान सुरुवात झाली म्हणाल्या. मुंबईत बहुधा याहून वाईट सुरुवात बघून आल्या असाव्यात.

पण बाई दिसत होत्या तेवढ्या भोळ्या नव्हत्या. प्रत्येक वाक्य संपलं की मानसिंग माझ्याकडे आणि मामंजी माझ्या ओढलेल्या पदराकडे बघत होते, आता तू पोचव म्हणून, हे त्यांनी हेरलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आठवडाभर वच्छलाताई एकही निरोप इकडचा तिकडे नेणार नाहीत. ज्याचं त्यानं बोलायचं." मामंजींना हे एकदम पसंत पडलं, कारण ते जमणार नाही याची त्यांना खात्री होती.

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. मामंजी चौकटीला सांगायचे आणि चौकट गप्प बसायची. मी मागे तांदूळ निवडत असायची. रॉकेल संपलं. नळाला पहाटे पाणी येऊन गेलं, घागरी कोण उचलणार हे कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि दोघंही अंघोळीशिवाय पाळीला गेले. मानसिंग आत येऊन मला म्हणाला, अगं सांग की त्यांना. मी म्हटलं, बाईंनी मना केलंय. इतकी आज्ञाधारक मी लग्नापासून कधी झाले नव्हते.

मग जोतीराममामा आले. हे सासूबाईंचे भाऊ, माझ्याच मोडनिंबला राहणारे. आपण बायकापोरांसह जेवायला येतोय, हे त्यांनी मामंजींना गिरणीच्या गेटवर गाठून सांगितलं होतं. मामंजींनी चौकटीला हुकूम दिला की त्याला मटण आणायला सांगा. मी ऐकलं. निरोप न्यायचा नव्हता, म्हणून नेला नाही. स्वैपाकाला मात्र बंदी नव्हती, म्हणून मी पातेलंभर पिठलं घेरलं आणि भाकऱ्या थापल्या. धोंडीराम जॉबरच्या दारात मेव्हण्याच्या पानात पिठलं पडलं. जोतीराममामांच्या बायकोनं दोनदा विचारलं की आज काही उपास आहे का? मामंजींचा चेहरा असा झाला की मला क्षणभर वाईट वाटलं. त्या रात्री ते चौकटीलाही काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या बैठकीला खोलीत शिरताना मामंजींनी खुर्ची फिरवली नाही. बाईंनी या वेळी एकेकाला एकच प्रश्न विचारला, तुम्हाला काय हवंय? मानसिंग म्हणाला, मिशी ही काय एवढी गोष्ट आहे का, केस आहेत ते. मामंजींनी आपला तळहात मांडीवर उलटा ठेवला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "मी मेल्यावर त्यानं माज्यासाटी करायचं हुतं ते. एवढं एकच असतंय पोराचं बापासाटी. ते ह्यानं सिनिमावाल्यासाटी करून टाकलं. आता माज्यासाटी काय ठिवलंय?"

खाली कँटीनमध्ये कपबश्या वाजत होत्या. मानसिंगचा हात आपोआप वरच्या ओठावर गेला आणि तिथंच राहिला. तीन वर्षं मी या माणसाच्या शिव्या गाळून आत नेत होते, पण शिव्यांच्या खाली हे होतं, ते माझ्या गाळणीत कधी आलंच नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. बाईंची पद्धत मला तेवढ्यापुरती पटली.

मग बाई माझ्याकडे वळल्या. वच्छलाताई, तुम्हाला काय हवंय?

मी म्हणाले, "हे म्हणत्यात..."

बाईंनी मान हलवली. हे नाही, तुम्ही.

"मामंजी म्हणत्यात..."

आणि तिथं अनवरीबाईंचं धुतलेलं मराठी गळून पडलं. "त्ये बी न्हाय गं," त्या म्हणाल्या. "तू. तू काय म्हणतीस?"

महिनाअखेर दोन दिवसांवर आली होती. मी पदर सावरला, तो नेहमीसारखा पुढे ओढायच्या ऐवजी मागे गेला, आणि मी सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्यात हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"मला बालवाडीत शिकवायला जायचंय, मामंजी. सोमवारपासनं. माझं मला जायचंय."

मामंजींनी डोळे मिटले, उघडले, आणि तीन वर्षांत प्रथमच मान वळवून थेट मुलाकडे पाहिलं.

"ऐकलंस का रं, ही काय म्हणती?"

"ऐकलं, आबा," मानसिंग म्हणाला.

बाईंनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बापलेक बोलले. मुंबईला शिकलेलं सोलापुरात उगवलं. आणि बापलेक खरंच बोलले, पुढचा पाव तास बोलतच राहिले. सून तोंडावर बोलली हे वाईट झालं, यात दोघांचं एका क्षणात एकमत झालं होतं. बाप म्हणाला, शिकलेली पोरगी करू नये म्हणून तुझ्या आईला मी सांगत होतो. लेक म्हणाला, व्हय आबा. घरी जाताना दोघं खांद्याला खांदा लावून पुढे चालले होते, मागे मी आणि डाळीचं गाठोडं घेतलेल्या सासूबाई. सासूबाई एकदा हळूच म्हणाल्या, "लई मोट्यांदा बोललीस गं." म्हणजे ऐकू आलं होतं.

रात्री मी भाकऱ्या करत असताना मानसिंग आत आला. कुणाचा तरी निरोप आणलेल्या माणसाची उभं राहायची एक ढब असते, ती मला लांबूनही ओळखता येते. तो म्हणाला, "आबा म्हणत्यात, जायचं न्हाय."

मी पिठाचे हात तसेच ठेवले. म्हटलं, बाईंचा नियम आहे. ज्याचं त्यानं बोलायचं. मामंजींचं मामंजी सांगतील, तुमचं तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं, मी जाऊ नये?

तो ओठावरून बोट फिरवत राहिला. तिथं दिवसअखेरचे खुंट आले होते. "माजं काय न्हाय," तो म्हणाला. "मी आदीच म्हणलं हुतं, मला काय अडचन न्हाय. पर आबा..."

"मग झालं तर," मी म्हणाले आणि भाकरी तव्यावर टाकली.

तो बाहेर गेला. बापलेकांचं कुजबुजणं झालं. आता त्यांच्यात कुणाची गरज उरली नव्हती, सगळं कसं सुरळीत. मग मामंजींची पावलं चौकटीपाशी आली. खोकले. मला सोमवारी जायचं नाही हे सांगायला त्यांना चौकट ओलांडून यायला लागणार होतं आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागणार होतं. चौकटीला सांगून उपयोग नव्हता, चौकट आता ऐकत नाही हे अख्ख्या आठवड्यात सिद्ध झालं होतं. सुनेचं तोंड बघायचं नाही, ही रीत त्यांनी स्वतः घालून दिलेली. परत एकदा खोकले आणि माघारी फिरले. सोमवारी सकाळी मी डबा घेतला आणि बालवाडीत गेले. मला कुणी नको म्हटलं नव्हतं.

पुढे रोज सकाळी हेच. मामंजींचं खोकणं, चौकट, माघार. मानसिंगला म्हणायचे, तिला सांग. मानसिंग म्हणायचा, "आबा, ती निरोप घेत न्हाय." त्याची मिशी वाढत होती. सुरुवातीला अगदी मेंढरासारखी दिसत होती, पण मामंजी तिच्याकडे चोरून बघायचे आणि जेवणात अर्धी भाकरी जास्त घ्यायचे. गिरणीच्या वार्षिक समारंभात अनवरीबाईंनी आमची केस सांगितली, नावं न घेता. तीन वर्षांचा अबोला दोन बैठकांत सुटला, बाप आणि मुलगा आज एका ताटात जेवतात, म्हणाल्या. टाळ्या पडल्या. सून त्या गोष्टीत नव्हतीच. मी मागच्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी केसांत पिन खोचत होते आणि आरशात मामंजी दिसले. चौकटीच्या अलीकडे, आत. मी वळले. वाटलं, आलं आता. इतक्या दिवसांचं साठलेलं ते तोंडावर सांगणार आणि माझी बालवाडी संपणार. पदर पुढे घ्यायला माझा हात उठला, पण मी तो खाली घेतला.

ते माझ्याकडे बघत होते. बघायची सवय नसल्यामुळे त्यांची नजर कपाळावर, कानावर, कुठंही जाऊन परत येत होती.

"पोरं ऐकत्यात का तुजं?" त्यांनी विचारलं.

"ऐकत्यात की, मामंजी."

त्यांनी मान डोलावली. जायला वळले आणि थांबले. मग खरोखरच न समजल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "जायचं हुतं तर आदीच का बोलली न्हाईस मग?"

माझ्या अंगाची लाही झाली. तीन वर्षं मी चौकटीच्या ज्या लाकडाला टेकून उभी होते, ते लाकूड त्यांच्या खांद्याला लागत होतं. त्यालाच विचारा, असं ओठांपर्यंत आलं. पण हा माणूस पहिल्यांदाच आत आला होता, आणि परत बाहेर गेला असता तर पुन्हा कधी आला असता कोण जाणे.

"आता बोलते की," मी म्हणाले आणि डबा उचलला.